चौकावरचा गाळ

"चौकावर पाय देऊ नोको रे, बाजूनं जा." कोंढ्याच्या शकुनबाई बोअरच्या पूजेची हकिकत सांगत होत्या, तेव्हा दुर्गाबाईंच्या सोबतीला असलेल्या खेमराज कंपाउंडरला आपल्या मायचे हे शब्द आठवले. आठवून काय उपयोग? दुर्गाबाईंसारखं त्याचं डोकं धावत नव्हतं.

दुर्गाबाई निवृत्त विज्ञान शिक्षिका. भंडाऱ्यात कोणावर आळ आला की लोक पोलिसांआधी त्यांचं दार वाजवीत. १९७८ साली आळ होता शकुनबाईंच्या मुलावर, घनश्यामवर. तो कॉलेजात सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्ट्या करी. त्याच्याच वावरातल्या बोअरच्या गाळात प्राचीन समुद्री जीवांचे चुन्याचे कण मिळाले, असं प्राध्यापक ताराचंदांनी छापून आणलं. दुसऱ्या प्रयोगशाळेला त्याच बोअरमध्ये काही मिळेना, तेव्हा साहेब म्हणाले, घनश्यामनं खडू मिसळला. उद्या त्याची नोकरी जायची होती.

बोअरच्या पूजेला शकुनबाईंनी तांदळाच्या पिठाचा रांगोळीसारखा चौक घातला होता. गाळ त्यावरच उसळून पडला.

"साहेब बुटासकट चौकात उभे राह्यले. मी म्हनली, बाजूचा घ्या. तर म्हनले, तुमच्या अडाणी रेघांसाठी मी वाट बदलत नाही."

घनश्याम एवढंच बोलला, "बाटली त्यायनंच भरली, तोंडाला लाख लावून बंद त्यायनंच केली. मले हात लावू देल्ला नाही."

कॉलेजात ताराचंदांनी दुर्गाबाई आणि खेमराज दोघांना खुर्चीही दिली नाही. सूक्ष्मदर्शकात प्रकाश अडवणाऱ्या दोन आडव्या ध्रुवक पट्ट्यांमध्ये सारं काळं होतं, तिथं हे कण उजळतात आणि अंगावर काळी फुली उमटते, हे त्यांनी बालवर्गाला शिकवावं तसं सांगितलं. आम्लाचा थेंब टाकून पाहिलात का, असं बाईंनी विचारलं.

"फुली दिसल्यावर गरज काय?"

बाईंनी पिशवीतल्या डब्यातली चिमूट पाण्यात कालवून काचेवर ठेवली. ताराचंद सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"हेच माझे जीव. कुठून आणलेत?"

"माझ्या डब्यातून. तांदळाचं पीठ आहे. पिठाच्या कणालाही फुली असते, साहेब."

मग प्राचार्यांसमोर साहेबांचीच लाखबंद बाटली फोडली. आम्ल टाकलं. चुना असता तर बुडबुडे येऊन विरघळला असता. फुल्या जागच्या हलल्या नाहीत. खेमराजनं टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडला, आणि कण पिठासारखे निळेकाळे झाले.

"घनश्याम बाटलीजवळ गेलाच नाही. गाळ तुम्ही चौकावरून उचलला," दुर्गाबाई हळू म्हणाल्या. "ज्या रेघांना अडाणी म्हणालात, त्याच तुम्ही समुद्र म्हणून छापल्या."

प्राचार्यांनी घनश्यामच्या बडतर्फीचा कागद फाडला. ताराचंद चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

बाईंना सोमवारचा निर्जळी उपास होता. त्यांनी चहा नाकारला. मुलावरचा डाग पुसला की तुडवलेला चौक आपल्या हातानं पुन्हा घालीन, असं त्यांनी शकुनबाईंना कबूल केलं होतं. पिठाचा डबा घेऊन त्या कोंढ्याला जायला पवनीच्या एस.टी.कडे निघाल्या.