सात नंबरला झालीये

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. मावशी बत्तीस वर्षं नर्स होती. एका जुन्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "मेलेली माणसं गरीब असतात गं," म्हणायची, "डोकं खातात ते त्यांचे नातेवाईक."

आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता. भर दुपारचे साडेबारा. वॉर्डात लख्ख ऊन पडलेलं.

तिच्या रिटायरमेंटला आठ दिवस उरले होते.

जेवणाआधी शुगरवाल्या पेशंटना इन्शुलिन द्यायचं, हे दुपारचं मोठं काम. बोटाला टोचून शुगर बघायची, डॉक्टरांनी लिहिलेले युनिट सिरिंजमध्ये भरायचे, सुई द्यायची आणि तक्त्यावर सही करायची. एक सही देणारीची, शेजारी दुसरी तपासणारीची. तेवढी एक सुई चुकून दोनदा गेली, तर शुगर धाडकन खाली येते. माणूस घामाने भिजतो, बरळतो, मग झोपल्यासारखा दिसतो.

कधीकधी उठतच नाही.

त्या दिवशी जोडीची नर्स औषधं आणायला खाली गेली होती. वॉर्डात मावशी एकटी. औषधांच्या खोलीत उभी राहून ती सिरिंज भरत होती. तेवढ्यात वॉर्डातून आवाज आला...

कुणीतरी हळूच मोजत होतं.

"...सात, आठ, नऊ, दहा."

तिला वाटलं, कुणी पेशंट हातापायांचा व्यायाम करत असेल. तिने लक्ष दिलं नाही.

सात नंबरच्या कॉटवर एक म्हातारे टेलरकाका होते. पायाला जखम, शुगर २८६. मोठे गप्पिष्ट. "सिस्टर, तुमच्या ॲप्रनची शिलाई मला बघवत नाही," असं रोज म्हणायचे.

मावशी सिरिंज घेऊन गेली. "चला काका, शर्ट वर करा."

"सिस्टर, मघाशी झाली की."

"कुणी दिली?"

"त्या दुसऱ्या सिस्टरनी. दंडावर दिली. हात काय गार होते त्यांचे. सुई टोचून दहापर्यंत मोजलं आणि गेल्या."



मावशीने तक्ता पाहिला. दोन्ही सह्यांच्या जागा कोऱ्या.

काकांची बाही वर केली. दंडावर... ताजा लाल ठिपका.

ती औषधांच्या खोलीत परत गेली. सिरिंजचं पाकीट तिने तेव्हाच फोडलं होतं. पाकिटात दहा असतात. एक तिच्या हातात होती, म्हणजे नऊ उरायला हव्या होत्या.

तिने दोनदा मोजल्या...

आठ.

आता एक सांगायला हवं. औषध पूर्ण आत जावं म्हणून सुई काढण्याआधी मोठ्याने दहा मोजायची सवय त्या वॉर्डात एकाच बाईला होती. मावशीची जिवाभावाची मैत्रीण. सगळे तिला दहाताई म्हणायचे.

दहाताई जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मावशीने हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. काका चुकत असतील तर सुई न दिल्याने शुगर चढेल, पण चढलेली शुगर उतरवता येते. काका खरं बोलत असतील तर... त्यापुढचा विचार तिने केला नाही. काकांना जेवायला लावलं आणि स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसून राहिली.

दोन वाजता काका गप्प झाले. कपाळावर घाम. हात थरथरायला लागले.

तिने शुगर पाहिली. ६४.

भरल्या पोटी. आणि मावशीने एक थेंबही औषध दिलेलं नसताना.

तिने साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने काका पुन्हा बोलायला लागले. आणखी बारा युनिट गेले असते, तर ते काही संध्याकाळ बघत नव्हते.

जोडीची नर्स वर आली, तक्ता पाहून म्हणाली, "ताई, सुई दिलीत आणि सही करायला विसरलात वाटतं."



मावशीने मला तेव्हा इतकंच सांगितलं होतं. मी तिची थट्टाही केली. "बरं झालं, भुतानेच तुझं काम हलकं केलं," असं म्हटलं. ती हसली नाही.

उरलेलं चार वर्षांनी कळलं. म्हणजे गेल्या महिन्यात.

मावशीलाच ॲडमिट केलं होतं. घराजवळच्या, वेगळ्याच हॉस्पिटलात. शुगर भलतीच वाढली होती. तिच्यापाशी मी होते. दुपारी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले. दोन मिनिटं, जास्त नाही.

परत आले तर एक तरुण नर्स सिरिंज घेऊन उभी होती.

"मघाशी झाली की," मावशी म्हणाली.

नर्सने तक्ता पाहिला. कोरा. ती गोड हसली.

"आजी, ती सकाळची."

हे ऐकलं आणि मावशी पांढरीफटक पडली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. नुसती मान हलवत होती... नाही, नाही.

मी मुळात फटकळ. म्हटलं, "माझी मावशी बत्तीस वर्षं हेच काम करत होती. ती झाली म्हणते तर झाली. डॉक्टर आल्याशिवाय सुई लावायची नाही, नाही तर मी वॉर्ड डोक्यावर घेईन." नर्स तोंड वाकडं करून डॉक्टरांना शोधायला गेली. दुपारी ड्यूटीवर ती एकटीच होती, हे तिनेच जाता जाता सांगितलं.

डॉक्टर यायला तास लागला. तोवर मावशी घामाने चिंब झाली होती. शुगर ५८.

तिला ग्लुकोज लावलं. संध्याकाळी ती सावरली. मग छताकडे बघत म्हणाली, "ती सकाळची, हे वाक्य माझंच आहे गं."

बावीस वर्षांपूर्वी, दुपारच्याच वेळी, दहाताईने सात नंबरच्या आजोबांना सुई दिली. तेवढ्यात घरून फोन आला म्हणून सही न करताच पळाली. दारातून जाता जाता मावशीला म्हणाली, "सात नंबरला झालीये गं, सही तेवढी राहिलीये."

मावशी कामाच्या घाईत होती. कॉटपाशी गेली, तक्ता कोरा दिसला, सवयीने सुई भरली. आजोबा म्हणाले, "मघाशी झाली की." मावशी म्हणाली, "आजोबा, ती सकाळची." आणि दिली.

आजोबा त्या संध्याकाळी गेले.

चौकशी झाली. सही दहाताईने केली नव्हती, म्हणजे चूक तिची. साहेबांनी मावशीला एकच विचारलं, "तिने तुम्हाला तोंडी सांगितलं होतं का?"

"मी नाही म्हणाले," मावशी म्हणाली. "मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण नोकरी जाईल म्हणून घाबरले."

नोकरी दहाताईची गेली. पुढे तीन वर्षांत तीही गेली. आजारपण झालं म्हणतात. तिची मुलगी तेव्हा शाळेत होती.

मावशी माझी लाडकी. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा रागच आला.

"मग आज काय झालं?" मी विचारलं.

"तू बाहेर गेलीस आणि ती आली. दंडावर दिली. दहापर्यंत मोजलं. मग माझ्या कानापाशी वाकून म्हणाली... सात नंबरला झालीये गं. ऐकलंस ना?"

"आणि तू?"

"म्हटलं, हो. ऐकलं."

मी नकळत वर पाहिलं. कॉटच्या डोक्यावर नंबर होता.

सात.

घरी आल्यावर मावशीने मला कागद घेऊन बसवलं. सगळं लिहून घेतलं. एक प्रत त्या जुन्या हॉस्पिटलला, एक दहाताईच्या मुलीला. मूळ कागदावर तिने खाली सही केली. पूर्ण नावाने.

शेजारी तिने पट्टीने एक रेघ मारली आणि जागा कोरी सोडली. तक्त्यावर असायची, तशीच.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तपासणारीसाठी," ती म्हणाली.

तो कागद माझ्या कपाटात आहे. तीन आठवडे झाले.

मी तो अजून उघडून पाहिलेला नाही.