मास्तरांचा खांब

"खांब इथे आहे," मास्तरांची मुलगी म्हणाली, "आणि तिथे नाही."

फाइल एकच होती. मुलीने ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या मास्तरांच्या जुन्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर घेतली आणि पुढच्या दालनात मालकांच्या मशीनवर उघडली. जुन्या पडद्यावर सज्ज्याखाली जाडजूड खांब उभा होता. नव्या पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं. फाइल परत नेली, खांब पुन्हा हजर. भर दुपारी भाऊजींच्या अंगावर काटा आला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

महिन्यापूर्वी नव्या नाट्यगृहाचा सज्जा कोसळला होता. तीन माणसं अजून दवाखान्यात होती. नकाशा मास्तरांचा. बातमी ऐकून त्यांनी अंथरूण धरलं, "मी खांब दाखवला होता" एवढंच म्हणत राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले. पुढच्या आठवड्यात ऑफिसात कुजबुज सुरू झाली, मास्तर येतात आणि खांब रेखाटून जातात. उद्या चौकशी समिती सगळा दोष त्यांच्या माथी मारून मोकळी होणार होती.

"बाबा चुकले असतील तर तसं सांगा," मुलगी म्हणाली. "पण आधी नीट बघा, वहिनी."

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. शोधाची कामं घ्यायला लागल्यापासून सगळं जग त्यांना वहिनीच म्हणे. भाऊजी सोबत असत ते पिशवी धरायला आणि चुकीचे तर्क लढवायला. दोन्ही कामं ते मन लावून करत.

आधी गाठले मालक. त्यांचं दालन वर्षापूर्वी बांधलेलं, चांगलं ऐसपैस. दार मात्र खांदा लावून ढकलावं लागलं.

"ओल धरली असेल लाकडाने," मालक म्हणाले. बाहेर ऊन रणरणत होतं.

"प्रिंट कोण काढतं?" वहिनींनी विचारलं.

"मीच. सही माझी असते ना. मला जे दिसलं ते छापलं."

"फाइल उघडताना काही सूचना येते?"

"कधीच नाही."

"आणि मास्तरांचं मशीन भंगारात द्यायला सांगितलंत?"

"लोक त्या खोलीत पाऊल टाकेनात. मग काय करणार?"

भाऊजींनी टेबलावरची पांढरी पूड रुमालाने पुसली. जरा वेळाने ती पुन्हा जमली होती.

नकाशांत नळ आणि गटारांच्या रेषा काढणारी तरुणी पार भेदरलेली होती. "जिथे भार जास्त, तिथे मास्तर सॉफ्टवेअरमधला तयार खांब टाकत नसत. स्वतःचा टाकत. त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून जोडला होता. प्रिंट मात्र बघत नसत, मागच्या खोलीतून पुढेही कधी येत नसत, डोळे अधू झाले होते. पडद्यावर मोठं करून तपासायचे."

शेवटी मशीनं सांभाळणारा. "दोन वर्षांपूर्वी सगळीकडे नवं व्हर्जन टाकलं. मास्तरांच्या मशीनला ते झेपेना, म्हणून तिथे जुनंच राहिलं."

"ते भंगारात का नाही दिलंत?"

"हात धजावेना. सज्जा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकांनी सांगितलं होतं. मास्तर तेव्हा जिवंत होते हो!"

वहिनींनी त्याला मालकांच्या मशीनवर स्वतःच्या नावाने लॉगइन करून तीच फाइल उघडायला लावली. पडद्यावर एक चौकट आली: 'या नकाशातील काही भाग ओळखता आले नाहीत. ते दाखवले जाणार नाहीत.' खाली एक बारीक चौकोन होता: 'ही सूचना पुन्हा दाखवू नका.'

वहिनींनी सगळ्यांना दालनात बसवलं. मुलगी तेवढी मागे, वडिलांच्या मशीनपाशी एकेक नकाशा उघडत राहिली.

"भूत नाही," वहिनी म्हणाल्या. "खांब पहिल्यापासून फाइलमध्येच होता. नव्या व्हर्जनला मास्तरांचा प्रोग्राम ओळखता येत नाही, म्हणून ते नेमके त्यांचे खांब लपवतं. पण लपवण्याआधी सांगतं. मालक, फक्त तुमच्याच नावाने उघडल्यावर सांगत नाही. त्या चौकोनात कोणीतरी टिक केल्याशिवाय असं होत नाही."

"घाईत केली असेल," मालक पुटपुटले. "कोण वाचतं ते?"

"तेवढं मी मानते. पण सज्जा पडल्यावर तुम्ही मागच्या खोलीत जाऊन फाइल उघडलीत, खांब पाहिलात, आणि मशीन भंगारात काढायला निघालात. भुताची कुजबुज त्यानंतर आठवड्याने सुरू झाली. तुम्ही लोकांच्या भीतीपोटी ते सांगितलं नव्हतं. स्वतःच्या भीतीपोटी सांगितलं. आणि मास्तरांना तोंडावर एकदाही म्हणाला नाहीत, की तुमचा खांब होता."

मालकांनी मान खाली घातली. भाऊजींना मास्तरांचे ते तीन दिवस आठवून भडभडून आलं. त्यांनी उगाच टेबल पुसलं.

"वहिनी," मागच्या खोलीतून हाक आली. मुलीचा आवाज विचित्र झाला होता. "या दालनाचा नकाशाही बाबांचाच आहे. मधोमध खांब आहे."

सगळ्यांनी दालनाच्या मधोमध पाहिलं. तिथे भाऊजी बसले होते. त्यांच्या हातातल्या रुमालावर वरून पांढरी पूड पडत होती.

"भाऊजी, उठा," वहिनी अगदी हळू म्हणाल्या. "पिशवी राहू द्या."

मशीनं सांभाळणाऱ्याने पुढच्या दाराला खांदा लावला. ते हललं नाही. वर कुठेतरी काहीतरी करकरलं, आणि मग सगळे भिंतीला धरून, पाय न वाजवता मागच्या दाराकडे सरकू लागले. मालक तेवढे खुर्चीतच राहिले होते, छताकडे बघत.

मुलगी वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"या, मालक," ती म्हणाली. "बाबांच्या खोलीत खांब आहे."