चहातली गोळी

स्वयंपाकघराच्या दारातच सुमेधाचे पाय खिळले... ओट्याशी अर्धवट पाठमोरा उभा राहून तिचा धाकटा भाऊ विलास चमच्यानं ती ओळखीची पांढरी गोळी चुरत होता, आणि तो चुरा त्यानं तिच्याच कपात ढवळला! त्याची बायको मीना शेजारी खाली मान घालून उभी होती.

म्हणजे गेले चार महिने... मनोरुग्णालयातून नेरूळच्या या घरी आल्यापासून... डॉक्टरांनी बंद केलेली गोळी रोज तिच्या पोटात जात होती! म्हणून हात थरथरत होता, म्हणून फळ्यावरची अक्षरं वाकडी येत होती, आणि म्हणूनच वाशीच्या शाळेनं वीस वर्षं शिकवणाऱ्या सुमेधाबाईंना घरी बसवून त्यांच्या जागी दुसऱ्या बाई घेतल्या होत्या! आईवडिलांमागं, लग्नाचा विचारही मनात न आणता, ज्या भावाला तिनं लहानाचं मोठं केलं... त्यानंच हे करावं!

"चहा घे ताई. नऊला निघायचंय," विलास वळून म्हणाला.

आज त्याच मनोरुग्णालयात तपासणी होती. हात असाच थरथरला, तर डॉक्टर तिला पुन्हा दाखल करून घेणार होते.

कप भिंतीवर फेकावा, ओरडावं, अख्खी सोसायटी गोळा करावी... पण एकदा वेडी ठरलेल्या बाईचं ओरडणं कोण ऐकून घेतं? आणि बायकोदेखत विलासचं तोंड उतरलेलं तिला बघवलं नसतं. जळली मेली ती माया! तिनं चहा पिऊन टाकला.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढं करायला सांगितले. बोटं थरथरत होती.

"खरं सांगा, सुमेधाताई. ती बंद केलेली गोळी कुणी देतंय का?"

"नाही."

"मग आजारच उलटलाय. दाखल करावं लागेल." त्यांनी कागद पुढं ओढला.

"नको, डॉक्टर!" विलासला रडूच फुटलं. "मीच देतो... चहातून. ही बरी दिसली तरी मला टेन्शन असायचं, परत तसं झालं तर? आणि ताई, तू नाही का मला शिकरणीत कालवून औषध द्यायचीस!"

"तू सहा वर्षांचा होतास रे! मी सेहेचाळीस वर्षांची आहे... मला विचारायचं होतंस!"

डॉक्टर विलासला नाही नाही ते बोलले. मग शांत होऊन म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. घरी न्या. ती गोळी थांबवा, हातही थांबेल."

विलासनं तिचे पाय धरले. "चुकलो मी, ताई. घरी चल."

तिनं त्याला उठवलं, पदरानं त्याचे डोळे पुसले. राग केव्हाच विरघळला होता... पण त्या घरातला एक घोटही आता आपल्या घशाखाली उतरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

"डॉक्टर, मला इथंच राहू द्या. माझ्या मर्जीनं राहते, हात थांबेपर्यंत."

"इथं? अगं, इथं तुला न विचारता तुझे केस कापले होते, ताई!"

"कापले होते. मी रडले, तरी कापले." तिनं कागद स्वतःकडं ओढून घेतला. "पण गोळी हातावर ठेवून द्यायचे, विलास."

आणि ती स्वतःचं नाव लिहू लागली. लिहायला तिला फार वेळ लागला.