तीन गॅलनची टाकी

१९५८ सालच्या फेब्रुवारीत आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतून दादरला, नायगावच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी बी.एस्सी. होऊन परळच्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागलो होतो. नव्या जागेत आईला सगळ्यांत आवडला तो संडास. चाळीत तिने तीस वर्षं डबा घेऊन रांग धरली होती. इथे घरातच, दाराला आतून कडी, डोक्यावर लोखंडी टाकी आणि ओढायला साखळी. पहिल्या दिवशी तिने ती काही कारण नसताना दोनदा ओढली.

पाणी जरा जास्तच जोरात येई. भिंत थरथरायची, स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. "गिरणीचा भोंगा परवडला," आई म्हणायची, आणि आम्ही हसायचो.

मार्चमध्ये माझी धाकटी बहीण बकुळा बाळंतपणाला आली. तिची आधीची दोन मुलं आठव्या महिन्यात पोटातच गेली होती. जिना चढउतार नको, आदळआपट नको, हे तिसरं गेलं तर पुढची आशा धरू नका, असं इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. ती दिवसभर कुशीवर पडून असे. एक हात कायम पोटावर.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, साखळी ओढली की हा हलायचा थांबतो."

"दचकत असेल."

"दचकलं तर उसळेल की. हा थांबतो. काल पाव तास. आज अर्धा."

मी घड्याळ लावून पाहिलं. तिचं बरोबर होतं.

हे आईच्या कानावर गेलं. पूर्वी तिने अंगारा आणला असता, दारात लिंबू टांगलं असतं. पण छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात तिने घरातले सगळे गंडेदोरे स्वतःच्या हाताने तोडले होते. आता ती माझ्यासमोर येऊन बसली. "आपण ते सगळं सोडलं, बाबा. आता तुझं शास्त्रच काय ते बघेल."

शास्त्र सोपं होतं. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची दांडी मी खाली वाकवली, म्हणजे पाणी तीन इंच कमी भरणार आणि जोर उतरणार. प्रत्यक्षात पाणी भांड्यातून उसळून दारापर्यंत आलं. त्या दिवशी मूल पाऊण तास हललं नाही.

मी ज्योला बोलावलं. तो पोर्तुगीज चर्चजवळ राहणारा नळजोडणीवाला, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठा.

"अरे बी.एस्सी., लोक मला पाणी येत नाय म्हणून बोलावतात. तुझं जोरात येतंय तर पेढे वाट!"

पण टाकीत डोकावल्यावर त्याने थट्टा सोडून हत्यारं काढली. त्याने नळीत लाकडी चकती ठोकून तोंड निम्मं केलं. जोर वाढला. मग त्याने साखळीच काढून घेतली. "बादलीने पाणी टाका दोन दिवस. मी नवा सुटा भाग आणतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकी आपोआप सुटली. पाण्याचा कॉक मी स्वतः बंद केला होता.

मग मी मोजायला बसलो. टाकीला आतून पेन्सिलीच्या खुणा केल्या, नळीचं खालचं टोक सोडवून ते पिंपात सोडलं आणि साखळीची तरफ हाताने उचलली. टाकीत तीन गॅलन होते. पिंपात तीन गॅलन सात पाइंट आले, म्हणजे जवळजवळ एक गॅलन जास्त. मी पुन्हा मोजले.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मी घागर काठोकाठ भरली होती ना रे?"

घागरीत चार पाइंट कमी होते. माठात तीन.

मी बेरीज कागदावर लिहिली: चार आणि तीन, सात. कारण कळत नव्हतं, पण हिशेब चुकत नव्हता. टाकी घरातलंच पाणी ओढत होती. आणि घरातलं पाणी मी काढून टाकू शकत होतो.

गुरुवारी संयुक्त महाराष्ट्र समितीचा हरताळ होता. टॅक्सी नाही, बस नाही, ज्यो नाही. सकाळी सहाला टाकी सुटली. नऊ वाजले तरी मूल हललं नव्हतं. बकुळाचे ओठ पांढरे पडले होते. दहाला एकदा, अगदी हलकेच, ते हललं.

"आता परत नको, दादा," ती म्हणाली. "परत झालं तर हा राहणार नाही."

मी घागर उचलली. आई आडवी आली.

"पाणी ओतून टाकायचं? माझ्या सासऱ्यानं तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी डोकं फोडून घेतलं, आणि तू घागर ओततोस?"

"आई, हो बाजूला."

ती हलली नाही. मी तिचा हात धरून तिला बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

घागर ओतली. माठ, पिंप, कळशी. चहाचं आधण. तसबिरीपुढच्या वाटीतलं मोगऱ्याखालचं पाणी. ओलं फडकं पिळून जिन्यात टाकलं. बकुळाच्या उशाशी पेला होता, तोही गॅलरीतून रिकामा केला. भांडी पुसून पालथी घातली. टाकी कोरडी केली.

घरात थेंब उरला नाही.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला खात्री हवी होती. नळीच्या तोंडाखाली बादली ठेवली, स्टुलावर चढलो आणि तरफ उचलली.

काही झालं नाही. टाकीच्या तळाशी नुसता गंज.

मी मोठ्याने हसलो. "आई, संपलं!"

तेव्हा भिंत थरथरली.

नळीतून एकच लोट आला. बादली कलंडता कलंडता राहिली.

बाहेरून बकुळाचा आवाज आला, अगदी शांत. "आई, बघ गं. पोट हलकं झालं माझं."

आई धावली. मी स्टुलावरच होतो. मला तिचं चादर चाचपणं ऐकू येत होतं.

"पाणी गेलं असेल बाई, घाबरू नको," ती म्हणत होती. मग थांबली.

"चादर कोरडी आहे रे," ती मला म्हणाली.

मी खाली उतरलो. बादलीत दीड पाइंट पाणी होतं. मोजायच्या सवयीने मी ताप बघायचा थर्मामीटर आणून त्यात बुडवला. पारा चढत गेला आणि अठ्ठ्याण्णवच्या थोडा वर स्थिर झाला.