पुन्हाबाईंचा ठोका

विश्वास कुणावर ठेवावा हो माणसानं? गोड बोलणाऱ्यावर, की गप्प बसणाऱ्यावर? मी चाळीस वर्षं जुनी वाद्यं घेतो, दुरुस्त करतो, विकतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. मला विचाराल तर विश्वास लाकडावर ठेवावा. बसा, असे दिव्याजवळ. चहा घ्या. फक्त त्या कोपऱ्यातल्या झाकलेल्या पियानोकडे पाठ करू नका.

तो पुन्हाबाईंचा. हे नाव मुलांनी पाडलेलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. दिवसा शाळेत गाणं, संध्याकाळी घरी पियानो. अंगात ताप असला तरी शाल गुंडाळून बसायच्या. विद्यार्थी वाजवत असताना शेजारी त्यांचं शिवण चालायचं, बोटात पितळी टोपी. नियम एकच. चुकलात आणि स्वतःहून ‘चुकलं’ म्हणालात, तर तिथूनच पुढे चला. चूक दडपलीत, तर त्या टोपीचा पियानोच्या लाकडावर एक ठोका. टक्. ‘पुन्हा. पहिल्यापासून.’ डाव्या बाजूला तिथे मसुराएवढा खळगा पडला होता.

नातीला त्यांनी दोन उशांवर बसवून शिकवलं. पोरीचे पाय जमिनीला टेकायच्या आधी बोटं धावायला लागली. मी वर्षातून दोनदा सूर लावायला जायचो. शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, “हा पियानो नातीचा. लिहून ठेवत नाही, तुम्हाला सांगून ठेवते. तुमचं तोंड एरवी पुष्कळ चालतं, एवढं एक नीट सांगाल ना?”

“निर्धास्त असा, बाई,” मी म्हटलं.

बाई गेल्या. पुढच्या रविवारी त्यांच्याच घरी आठवणींसाठी माणसं जमवली. बाईंच्या मुलाचा मला निरोप होता, येताय तर पियानोही बघून घ्या. दारातच त्यानं सांगितलेला भाव ऐकून मला आतून गुदगुल्या झाल्या; मातीमोलच म्हणा.

भर दुपार, पण पडदे ओढलेले. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या लोकरीचा वास. मुलगा उभा राहिला. आई शेवटपर्यंत आमच्यातच होती, म्हणाला.

टक्.

पन्नाशीतले, टक्कल पडलेले विद्यार्थी एकदम ताठ बसले. सून हसली. पियानोचं लाकूड आहे, म्हणाली, हवा बदलली की वाजतं. मुलानं घसा साफ केला. शेवटी आईचा हात माझ्या हातात होता...

टक्.

दूधवाल्यानं दार ढकललं तेव्हा बाईंना जाऊन दोन दिवस झाले होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी मान वर केली नाही. आमच्यापैकी तरी शेवटच्या काही महिन्यांत तो जिना कोण चढलं होतं?

मग नात उठली. चौदा वर्षांची. “परीक्षा होती म्हणून मी आले नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. परीक्षा नव्हती. कंटाळा आला होता. चुकलं, आजी.”

आम्ही वाट पाहिली. ठोका पडला नाही.

पोर माझ्याकडे वळली. “काका, आजी तुम्हाला पियानोबद्दल काही बोलली होती ना?”

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “नाही गं बाळ. सुरांपलीकडे आमचं बोलणंच नव्हतं.”

टक्.

या वेळी माझी नजर तिथेच होती. झाकण बंद. जवळ कुणी नाही. खळग्यातून मात्र लाकडाचा ताजा भुसा गळत होता.

त्याच भावात पियानो मी इथे आणला, त्याला आठ वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं, मी तोंड उघडतो, ठोका पडतो, गिऱ्हाईक चालू लागतं. त्या मुलाला काही झालं नाही हो. दुमजली घर बांधलं त्यानं. सुखात आहे. आणि मी म्हणाल, तर मी पियानो घेऊन नातीच्या दारी गेलो होतो. चार हमाल लावून. तिनंच नको म्हटलं...

ऐकलंत?

बरं. गेलो नव्हतो. हमालही नव्हते. तिनं वाजवणं सोडलं, एवढंच कानावर आलं. पण ठोक्यानंतरची कबुली बाई धरत नाहीत. पुन्हा, पहिल्यापासून. म्हणून ही गोष्ट मी किती जणांना किती वेळा सांगितली, मलाच आठवत नाही. शिवाय सांगताना मला मोजकेच ठोके ऐकू येतात; समोरचे म्हणतात, मधे आणखी पडतात. काल तुमच्या जागी बसलेला माणूस म्हणाला, सहा. आणि सहावा... मी बोलायचा थांबलो, त्याच्यानंतर पडला.

तेव्हा हा कागद घ्या, ही पेन्सिल. मी परत सुरुवात करतो. तुम्ही ठोके मोजत राहा. हिशेब मात्र खरा ठेवा; माझ्या चहाची भीड धरून त्यातला एकही गाळू नका.