शिवणीत गेलेली सही

माझं चित्र एका परक्या माणसाच्या नाकावर बसलं होतं, आणि तो माणूस पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे निवांत उभा होता.

कानातून उगवलेली शिडी, शिडीवर चढणारे सात मासे आणि वर चंद्राच्या जागी अर्धं सोललेलं संत्रं. असलं चित्र दुसरं कोण काढणार? खोकल्याची साथ आली तेव्हा कलादालनाने ते कापडी मास्कवर छापायची परवानगी मागितली, आणि मी एकच अट घातली – प्रत्येक मास्कवर माझी सही दिसली पाहिजे. सात वर्षं रंगवते आहे मी. लोकांपर्यंत पोचणारं हे माझं पहिलंच काम. आणि या माणसाच्या तोंडावर शिडी होती, मासे होते, सही मात्र नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "हे चित्र माझं आहे," मी म्हणाले.

त्याने दचकून मास्क दोन्ही हातांनी धरला. "पण मास्क माझा आहे."

डोळे हसत होते. चांगले होते डोळे. तेवढ्या रागातही ते माझ्या लक्षात आलं, याचा मला आणखी राग आला.

मी त्याला सगळं सुनावलं. तो ऐकत राहिला, आणि मग म्हणाला की हे मास्क त्यानेच कापलेत, त्याच्या आत्याच्या शिवणखान्यात. सही कुठे होती, असं त्याने विचारलं. खाली, उजव्या कोपऱ्यात, मी सांगितलं. त्याचे डोळे हसायचे थांबले.

"उद्या शिवणखान्यात... याल का? बहुतेक घोळ माझ्याकडूनच झालाय."

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच गेले. लांबलचक टेबल, त्यावर चाळीस थरांची कापडाची थप्पी, भिंतीलगत मशिनींचा खडखडाट. त्याने एक मास्क घेऊन काठाची शिवण उसवली आणि घडी उलगडली. आत माझी सही होती. शिवणीसाठी अर्धा इंच कापड सोडावं लागतं, त्याला माया म्हणतात, आणि माझं नाव नेमकं त्या मायेत दुमडलं गेलं होतं. त्याला ती सही वाटलीच नव्हती, रंगाचा फराटा वाटला होता म्हणे.

आठशे मास्क, आणि आठशे वेळा माझं नाव आत. मी टेबलावर हात आपटला.

"रागवा, तुमचा हक्कच आहे," तो म्हणाला. "फक्त टेबलावर आपटू नका... थप्पी सरकते."

तिथून मी तडक कलादालनात गेले. व्यवस्थापक बाईंनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. एवढ्याशा फडक्यावर नाव कोण वाचतंय, त्या म्हणाल्या. पुढच्या सहाशे मास्कचं कापड छापून झालंय, आता काही होणार नाही. बाहेर पाटी होती, 'आमच्या दालनाची खास निर्मिती'. चोर तो चोर, वर शिरजोर. मी तणतणत निघाले ती घरी नाही, पुन्हा शिवणखान्यातच पोचले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

"होईल की," बाईंचं उत्तर ऐकून तो म्हणाला. साचा अर्धा इंच सरकवायचा. मात्र छपाई जागोजाग हललेली, त्यामुळे थप्पी लावून चालणार नाही, प्रत्येक मास्क सुटा कापावा लागेल. आणि मग तो अडखळला. "डावीकडच्या माशाची शेपटी जाईल."

म्हणजे माझा मासा की माझं नाव, हेही आता मीच ठरवायचं! त्याने घाई केली नाही. कात्री खाली ठेवली आणि उभा राहिला. कापायच्या आधी मला विचारणारा तो पहिलाच माणूस होता.

"शेपटी जाऊ दे," मी म्हणाले. आवाज फुटला माझा. त्याने चटकन कापडाकडे बघितलं, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

आत्या चिडल्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे याला, असं त्या रोज म्हणायच्या. तो एकेक मास्क कापत राहिला, आणि मी रोज दुपारी देखरेखीला जाऊ लागले.

"तुम्ही नजर ठेवायला येता, की..."

"की काय?"

"की काही नाही." आणि कात्री पुन्हा सुरू.

विक्रीच्या दिवसापर्यंत साथ ओसरली होती. तरी दालनात गर्दी होती. एका मुलीने मैत्रिणीच्या गालावरचं माझं नाव अक्षर लावून वाचलं, आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात कुणीतरी मिशीवाला अगदी खेटून उभा राहिला.

"जरा लांब उभं राहावं माणसाने," मी खेकसले.

"पंधरा दिवस ओरडून घेतलं, आणि आता ओळखही नाही?"

आवाज त्याचा होता. एवढी मोठी मिशी या माणसाने मास्कआड माझ्यापासून लपवून ठेवली होती! मी बघतच राहिले. बरी दिसत होती, पण ते लगेच सांगायची गरज नव्हती.

"सहाशे वेळा तुमचं नाव वाचलं," तो हळूच म्हणाला. "एकेक कापताना. परवा काम संपलं, आणि कालपासून... करमतच नाही हो."

मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. पंधरा दिवस मी माझ्या नावासाठी जगाशी भांडत होते, आणि याचं नाव मला ठाऊक नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं. त्या दालनाच्या बाईत आणि माझ्यात मग फरक तो काय? कान तापले माझे.

"तुम्ही सांगायचं नाही का?" मी त्याच्यावरच चिडले. "इतके दिवस गप्प राहिलात?"

"तुम्ही विचाराल, म्हणून थांबलो होतो."

"विचारते आहे."

त्याने सांगितलं. मी त्याचा हात धरला आणि ते नाव पुन्हा म्हटलं, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.