माझ्या मशीनवर तर चालतं!

"अहो, माझ्या मशीनवर तर चालतं!"

ती काकुळतीने म्हणाली, आणि शेजारच्या टेबलाखाली कोणीतरी चक्क खुदकन हसलं.

आधीच तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. नोकरी सोडून, वर्षभर खपून तिने या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. इकडे पेशंटचा नंबर तपासला की तिकडे चष्मा बनवणाऱ्याच्या स्क्रीनवर हजर! आणि आज पहिल्याच दिवशी तो उघडायलाच तयार नाही. अमुक फाइल सापडत नाही, एवढंच म्हणून अडून बसलेला. बाकावर पेशंट चुळबुळत होते, खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दुपारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर बाई, आमचं जुनंच बरं."

म्हणजे वर्ष पाण्यात!

टेबलाखालून एक मान वर आली. केसांना जळमट, हातात वायर, आणि डोळे... डोळे मात्र नको तितके मिश्कील.

"हसताय काय?" ती फणकारली.

"तुम्हाला नाही हो. प्रत्येकाचा बाब्या आपापल्या घरी शहाणाच असतो, म्हणून हसलो."

हा डॉक्टरबाईंचा भाचा. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमचा प्रोग्रॅम कोणाच्या जिवावर चालतो?"

टोमणा नव्हता तो. तिने क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! रनटाइम लायब्ररी!"

प्रोग्रॅम एकटा थोडाच चालतो? त्याला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या फायली लागतात. तिच्या मशीनवर त्या कधीच येऊन बसल्या होत्या, म्हणून तिला त्यांची आठवणच नव्हती. इथे त्या येणार कुठून?

त्याने पिशवीतून एक लॅपटॉप काढला. आत काही म्हणजे काहीही नव्हतं. "हा मी मुद्दाम कोरा ठेवतो. इथे चाललं की कुठेही चालतं."

मग काय, नजर तपासायच्या खोलीत दोघं शेजारी बसली. ती प्रोग्रॅम मशीनवर बसवणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये एक लायब्ररी घाले, तो चालवून बघे, प्रोग्रॅम दुसरीच मागे. की हा पठ्ठ्या सगळा लॅपटॉप पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू!

"पुन्हा पुसायचं? नुसतं उरलेलं टाकू ना."

"मग आपण काय विसरलो, ते कसं कळणार?"

कपाळावर आठी नाही, आवाजात त्रागा नाही. उलट गुणगुणत होता. घिसाडघाई करणारे तिने ढिगाने पाहिले होते. असा माणूस पहिल्यांदाच बघत होती. तिला तो आवडायला लागला होता, अगदी सरळ सरळ आवडायला.

"एरर वाचताना तुम्ही ओठ चावता," तो हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही स्क्रीन सोडून भलतीकडेच बघता!"

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात प्रोग्रॅम उघडला.

मग काउंटरवर, डॉक्टरबाईंच्या खोलीत, जिथे टाकला तिथे एका झटक्यात काम फत्ते. तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाई खुश होऊन म्हणाल्या, "छान केलंस हो! आता तुला परत हेलपाटा नको."

हेलपाटा नको... तिने छत्री उगाचच हळूहळू उघडली. तो दारापर्यंत आला, काहीतरी बोलायला गेला, थांबला.

"एक सांगायचंय —"

ती छत्री तशीच धरून वळली.

"मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासतात ना, तिथलं मशीन फार जुनं आहे. त्याला लायब्ररी जुनीच लागते. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये ती नाही. उद्या सकाळी तिथे प्रोग्रॅम उघडणार नाही."

हात्तिच्या! "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"मघाशीच. खरं तर... गप्प बसणार होतो. म्हणजे उद्या तुम्हाला यावं लागलं असतं."

"मग सांगितलंत कशाला?"

"मावशी सगळ्यांसमोर म्हणाली असती, हिचं काम अर्धवट. तुम्ही कसं काम करता ते आज मी बघितलंय. मला ते ऐकवलं नसतं."

ती छत्री मिटून सरळ मागच्या खोलीत गेली, जुनी लायब्ररी शोधून इन्स्टॉलरमध्ये घातली, कोऱ्या लॅपटॉपवरही तो पुन्हा पहिल्यापासून चालवून बघितला आणि मग त्या म्हाताऱ्या मशीनवर टाकला. प्रोग्रॅम उघडला.

"झालं," ती म्हणाली. "आता उद्या यायला काही कारण उरलं नाही."

"नाही उरलं," तो खाली बघत म्हणाला.

"तरी येणार आहे. तुम्हाला भेटायला."

"किती वाजता?" तो इतक्या जोरात ओरडला की बाहेरून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "काय रे, काय झालं?"

"काही नाही, मावशी!" दोघं एकदमच म्हणाली, आणि दिवसभर त्यांना डॉक्टरबाई म्हणणाऱ्या तिने पटकन जीभ चावली.